भोपळ्याचा आशीर्वाद

वर्षारंभी जिभेवर काय ठेवावे, याबाबत आपला सीमाभाग दुहेरी श्रीमंत आहे. पाडव्याला मराठी घरात कडुनिंबाची चटणी वाटली जाते आणि शेजारच्या कानडी घरातून बेवु-बेल्ल येते. दोन्हींत अर्थ चवीत असतो. कोकणातील मराठीभाषक ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, यांच्या ‘नव्याच्या सणा’त मात्र तो भाजीच्या नावात असतो. हा सण म्हणजे रोश हशाना, तिश्री महिन्याचा पहिला दिवस. तो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येतो.

तालमूद या ग्रंथात अबाये नावाच्या पंडिताने या दिवसासाठी पाच जिन्नस सांगितले आहेत : भोपळा, रुबिया, लीक, बीटचा पाला आणि खजूर. ‘रुबिया’ हा शब्द वृद्धीच्या क्रियापदाशी जुळतो, म्हणून ती खाताना पुण्य वाढावे अशी प्रार्थना करायची. भोपळा म्हणजे ‘करा’. उच्चाराने तो ‘फाडणे’ आणि ‘वाचणे’ या दोन्हींच्या जवळ जातो, तेव्हा वाईट निवाडा फाटावा व सत्कृत्ये वाचली जावीत. रुबिया म्हणजे कुणी मेथी मानतात, कुणी चवळी. आपल्या बाजारात दोन्ही मुबलक, त्यामुळे वादाचे कारण नाही!

मुंबईत एम.डी. करीत असताना एका सहाध्यायिनीच्या आईने हे ताट मला वाढले. मटणाच्या जेवणात दूध-तूप वर्ज्य, म्हणून सारी भिस्त नारळाच्या रसावर. चवळीची उसळ, लीकऐवजी पातीचा कांदा, आणि गूळ घालून मऊ शिजवलेला लाल भोपळा. तो वाढताना मावशी म्हणाल्या, “परीक्षेत भोपळा मिळतो ना, तसा गेल्या वर्षाच्या पापांना मिळू दे!”

मला तो विनोद वाटला. पुढे वाचनात आले की, आपल्या बोलीतील नावावरून असा श्लेष करण्यास सतराव्या शतकातील ‘मागेन अव्राहाम’ या भाष्याने मान्यता दिली आहे. यिडिश भाषेत ‘मेरन’ म्हणजे गाजरे आणि ‘मेरन’ म्हणजेच वाढणे, म्हणून युरोपातील ज्यू गाजर खात. मावशींचा भोपळा शास्त्रात बसणारा होता.

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक सूचना. या सणाला सफरचंद मधात बुडवून खातात. आपल्याकडेही नवजात बाळाला मधाचे बोट चाटवतात. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. त्यातील जंतुबीजांमुळे बॉट्युलिझम हा पक्षाघाताचा आजार संभवतो. सहा महिन्यांनंतर तोच भोपळा, गुळाविना, कुस्करून खुशाल द्यावा.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलला गेले. मावशींची नातवंडे आज अश्दोदमध्ये वाढतात. त्यांना ‘करा’चा श्लेष सहज कळतो, आजीच्या भोपळ्याचा समजावून सांगावा लागतो. माझ्या ओपीडीतही भाज्यांच्या तक्त्यावर बोट ठेवून मूल ‘सोरेकायी’ म्हणते आणि आजी ‘दुधी’ म्हणून त्याला दुरुस्त करते. मी दोन्ही उत्तरे बरोबर धरतो.