छायाचित्राची छाटणी : पद्धती व दक्षता

प्राथमिक शाळेच्या दप्तरात आज छायाचित्रास निश्चित स्थान प्राप्त झाले आहे. वृक्षारोपण, सहल, पालकसभा इत्यादी उपक्रमांच्या अहवालास छायाचित्र जोडावे लागते. पाचवीतील मुलांच्या नवोदय विद्यालय प्रवेशपरीक्षेच्या अर्जासही ते लागते. मोबाइलवर घेतलेले चित्र बहुधा जसेच्या तसे उपयोगी पडत नाही. त्याच्या कडांचा अनावश्यक भाग काढून टाकणे, म्हणजेच क्रॉप करणे, यास या लेखात छाटणी म्हटले आहे. ही क्रिया सोपी आहे. परंतु काय ठेवावे व काय काढावे, याचा निर्णय विचारपूर्वक घ्यावयाचा असतो.

१. छाटणीने काय घडते

डिजिटल छायाचित्र पिक्सेल नावाच्या बारीक रंगीत ठिपक्यांचे बनलेले असते. समजा, एका चित्रात आडवे ४,००० व उभे ३,००० ठिपके आहेत. म्हणजे एकूण १ कोटी २० लक्ष. त्यातून १,२०० × ९०० एवढा भाग राखला, तर १० लक्ष ८० हजार, म्हणजे शेकडा ९ ठिपके उरतात. छाटणीने ठिपके कमी होतात. नवे निर्माण होत नाहीत. लहानसा तुकडा ताणून मोठा केला, तरी त्यात अधिक तपशील येत नाही, तो केवळ धूसर दिसतो.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. ३.५ × ४.५ सेंटिमीटरचे छायाचित्र स्वच्छ छापण्यासाठी, इंचास ३०० ठिपके या हिशेबाने, सुमारे ४१३ × ५३१ ठिपके लागतात. वर्गाच्या सामूहिक चित्रात एका रांगेत वीस मुले असतील, तर ४,००० ठिपक्यांतून प्रत्येकाच्या वाट्यास जेमतेम २०० येतात. अर्जाची मुदत संपत आली म्हणून त्यातूनच एका मुलाचा चेहरा छाटून काढणे इष्ट नव्हे. प्रत्येक विद्यार्थ्याचे चित्र फिक्या रंगाच्या भिंतीपुढे, दिवसाच्या उजेडात, स्वतंत्र घ्यावे.

२. कृती

संगणकावरील पेंट या साध्या साधनाने छाटणी करता येते.
(अ) मूळ फाइलची दुसरी प्रत करून ती पेंटमध्ये उघडावी.
(आ) सिलेक्ट निवडून, राखावयाच्या भागाभोवती माउसने चौकट ओढावी.
(इ) क्रॉप दाबावे. मनासारखे न झाल्यास कंट्रोल व झेड या कळा एकत्र दाबून पूर्वस्थिती आणावी.
(ई) सेव्ह ॲज निवडून फाइल निराळ्या नावाने जतन करावी.
मोबाइलच्या गॅलरीत एडिट व नंतर क्रॉप निवडल्यास हेच काम होते.

३. मूळ प्रत राखणे

याच जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमात कनू गांधी यांनी महात्माजींची अनेक छायाचित्रे घेतली. तो काळ फिल्मचा होता. फिल्मवरून मोठी प्रत काढताना चित्राचा हवा तेवढाच भाग कागदावर घेता येई आणि निगेटिव्ह मात्र अखंड राही. डिजिटल चित्रात ही सोय आपोआप मिळतेच असे नाही. छाटलेले चित्र मूळ नावानेच जतन केले, तर गेलेला भाग पुन्हा मिळेलच अशी शाश्वती नसते. म्हणून मूळ फाइल हेच शाळेचे निगेटिव्ह समजून ती वेगळ्या फोल्डरमध्ये राखावी.

४. लपलेला भाग

याच्या उलट धोकाही ध्यानी घ्यावा. वर्डमधील अहवालात चित्र घालून तेथेच छाटले, तर काढलेला भाग केवळ दृष्टीआड होतो. फाइल मिळालेली व्यक्ती तो पुन्हा उघड करू शकते. मार्च २०२३ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमधील व विंडोजमधील चित्र छाटण्याच्या साधनांत असाच दोष उघडकीस आला व पुढे तो दुरुस्त करण्यात आला. एखाद्या मुलाचा चेहरा, फळ्यावरील गुणतक्ता अथवा आधार क्रमांक वगळावयाचा असेल, तर चित्र आधी पेंटमध्ये छाटून मगच अहवालात घालावे.

५. कोणास वगळावे

सेलू तालुक्यातील हिंगणीची शाळा जवळच्या बोर धरणावर सहलीस गेली, असे समजू. चेहरे ठळक दिसावेत म्हणून वरचा भाग छाटला, तर धरण नाहीसे होते व चित्र कोठले, हे कळत नाही. चौकट नीटस व्हावी म्हणून कडेची मुलगी छाटली, तर भिंतीवर लावलेल्या चित्रात ती स्वतःला शोधीत राहते. वर्षांनंतर पाहणाऱ्यास ती सहलीस आलीच नव्हती असे वाटते. आकाश, रिकामी जमीन, मध्येच आलेली मोटारसायकल अवश्य काढावी. मात्र उपस्थित मूल काढू नये. तसेच, पाच जणांच्या सभेस गर्दीचे रूप येईल अशी छाटणी करणे म्हणजे खोटी नोंद करणे होय.

६. वर्गातील उपक्रम

संगणक नसला तरी हा विषय शिकविता येतो. पुठ्ठ्याचे काटकोनी दोन तुकडे कापून ते वर्तमानपत्रातील एखाद्या चित्रावर चौकटीसारखे ठेवावेत. चौकट लहानमोठी करून, “आता चित्र काय सांगते? काय सांगावयाचे राहिले?” असे मुलांना विचारावे. चित्र पाहताना चौकटीबाहेरचाही विचार करण्याची सवय मुलांना लागली, तर उपक्रमाचा हेतू सफल झाला असे समजावे.