आधी वार, मग विमान
दोन रात्रींचे शहर : भाग ५ – हैदराबाद

तिकिटांच्या भावांचा विषय गेल्या आठवड्यात संपला. हैदराबादसाठी तो जरा बाजूलाच ठेवा, कारण इथली सहल स्वस्त तिकिटापासून आखायला घेतली की बहुधा फसते. इथे कॅलेंडर आधी उघडायचे. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद. चौमहल्ला राजवाडा शुक्रवारी बंद. पुरानी हवेलीतले निजामांचे संग्रहालय आणि पब्लिक गार्डनमधले राज्य पुरातत्त्व संग्रहालय, दोन्हींची सुट्टी शुक्रवारचीच. आपल्याला संग्रहालय म्हटले की सोमवारची सुट्टी आठवते, म्हणून माणसे शुक्रवारची रजा टाकून गुरुवारी रात्री पोचतात आणि पहिला दिवस बंद दारांसमोर घालवतात. चारमिनार पाहू म्हणावे तर तिथे दुपारी मक्का मशिदीत जुम्म्याच्या नमाजाची गर्दी. रजा टाकायचीच असेल तर सोमवारची टाका. शनिवारी सकाळी जा आणि सोमवारी संध्याकाळी परत या.

विमान पुण्याहून साधारण सव्वा तासात पोचते, मुंबईहून दीड तासाच्या आसपास. पण हा आकडा फसवा आहे. घरून विमानतळ, तिथली रांग, उतरल्यावरचा रस्ता हे सगळे धरले की दारापासून दारापर्यंत पाच तास सहज जातात. पूर्वीचा बेगमपेठचा विमानतळ शहरातच होता. २००८ पासून विमाने दक्षिणेला शमशाबादला उतरतात आणि तिथून जुने शहर वीस-बावीस किलोमीटर आहे. मेट्रो अजून तिथवर गेलेली नाही, पण एसटी महामंडळाच्या 'पुष्पक' बसगाड्या आहेत आणि एकट्या प्रवाशाला त्या टॅक्सीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. एवढे करूनही मुंबई-पुणेकरांचा विमानाने अर्धा दिवस वाचतो. सोलापूरकरांनी मात्र या फंदात पडू नये. हुसेनसागर एक्स्प्रेस त्यांच्या दारावरूनच जाते.

हॉटेल कुठे घ्यायचे, यावर लोक सर्वांत जास्त चुकतात. बुकिंगच्या अ‍ॅपवर चकचकीत आणि त्या मानाने स्वस्त खोल्या दिसतात त्या हायटेक सिटी, गचीबावलीकडच्या. वीकेंडला कंपन्यांचे पाहुणे नसतात, त्यामुळे तिथले दर उतरलेले असतात. पण ते शहराचे पश्चिम टोक आहे आणि संग्रहालये सगळी मुशी नदीच्या आसपास. रोज जाऊन-येऊन दोन-अडीच तास रस्त्यावर गेले, तर वाचलेले हजार रुपये कुठे गेले ते वेगळे सांगायला नको. म्हणून लकडीकापूल, नामपल्ली किंवा आबिड्स. खोल्या जुन्या वळणाच्या असतील, लिफ्ट कुरकुरेल, पण मेट्रोची लाल मार्गिका तिथूनच जाते. नामपल्लीहून तीन स्थानके गेले की एमजीबीएस, आणि तिथून रिक्षाने थोड्या वेळात सालारजंग. खोली घेताना एकच गोष्ट फोन करून विचारा : चेक-इन दुपारी बाराचे की चोवीस तासांचा हिशेब? सकाळच्या विमानाने येणाऱ्याला त्या एका उत्तराने अर्ध्या दिवसाची झोप किंवा अर्ध्या दिवसाचे भाडे वाचते.

आता सालारजंग. मीर युसूफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, तरुण वयात थोडा काळ निजामाचे दिवाण होते. १९१४ मध्ये ते पद सुटले आणि पुढची पस्तीस वर्षे त्यांनी वस्तू जमवण्यात घालवली. १९४९ मध्ये ते अविवाहित वारले. १९५१ मध्ये त्यांच्या दिवाण देवडी या वाड्यातच संग्रहालय उघडले आणि १९६८ मध्ये ते मुशीकाठच्या आजच्या इमारतीत आले. हे माहीत असले की आतला गोंधळ कळतो. हा एका श्रीमंत माणसाचा शौक आहे, सरकारी खात्याने कालक्रमाने लावलेला संग्रह नव्हे. चिनी मातीची भांडी, हस्तिदंती खुर्च्या, पर्शियन गालिचे, हस्तलिखिते, युरोपातल्या बाहुल्या, सगळे आहे. पहिल्या दालनापासून ओळीने पाहत गेलात तर तासाभरात डोळे थकतात आणि खरे पाहण्याजोगे राहून जाते.

माझी निवड अशी. सोमवारी सकाळी दहाला दार उघडते तेव्हाच आत शिरायचे. रविवारी शाळांच्या सहलींसारखी रेटारेटी असते. सरळ बेन्झोनीच्या 'बुरख्यातल्या रिबेका'कडे जायचे. हा इटालियन संगमरवरी पुतळा पहिल्या सालारजंगांनी १८७६ मध्ये घेतला. दगडाचा पदर चेहऱ्याला चिकटलेला दिसतो आणि त्याखालचे नाक-डोळेही दिसतात. गर्दी नसेल तर बाजूने, तिरप्या उजेडात पाहा. मग जेडचे दालन : जहांगीरचा खंजीर आणि नूरजहानचा फळे कापायचा सुरा. एकाच लाकडातून पुढे मेफिस्टोफिलीस आणि मागे मार्गारेटा कोरलेली जोडमूर्ती आरशासमोर ठेवली आहे, त्यामुळे दोघे एकदम दिसतात. मला ती कलेपेक्षा करामत जास्त वाटते, पण मुलांना हमखास आवडते.

बाराला दहा कमी असताना मात्र घड्याळापाशी या. या इंग्रजी घड्याळात एक छोटा लोहार सतत घण घालत असतो, आणि तास भरायच्या सुमारास एक दाढीवाला बाहेर येऊन घंटेवर टोले देतो व परत आत जातो. बाराला सर्वाधिक टोले, म्हणून तेव्हा सर्वाधिक माणसे. पुढे उभे राहायचे तर लवकर जागा धरा.

मराठी वाचकाने चुकवू नये ते राज्य पुरातत्त्व संग्रहालय. लोक तिथे इजिप्तची ममी पाहायला जातात, पण मी अजिंठ्याच्या दालनासाठी जा म्हणेन. अजिंठा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. गुलाम याझदानी यांच्या पुरातत्त्व खात्याने तिथली डागडुजी करवली, त्यासाठी १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ बोलावले आणि भित्तिचित्रांच्या प्रतिकृतीही करवून घेतल्या. त्या इथे आहेत. लेणीत अंधारात मान वर करून पाहावे लागते, ते इथे उजेडात, डोळ्यांसमोर. नामपल्लीतून चालत जाता येते, म्हणून हे शनिवारी दुपारी, पोचल्या दिवशीच उरकावे. रविवार गोवळकोंड्याला आणि शेजारच्या कुतुबशाही कबरींना द्या, आणि उन्हाळ्यात किल्ला सकाळी दहाच्या आत चढून उतरा.

परतीचे विमान संध्याकाळी सातनंतरचे घ्या. सालारजंगमधून दोनला निघून हॉटेलवरून सामान उचलायचे, जेवायचे आणि चारला शमशाबादचा रस्ता धरायचा, म्हणजे वाटेत वाहतूक अडली तरी जीव टांगणीला लागत नाही. पिशवीत लाड बाजारच्या लाखेच्या बांगड्या असतील तर त्या केबिनच्या सामानात ठेवा, कारण आत टाकलेल्या बॅगेची आपटाआपट त्या सोसत नाहीत.

पुढच्या आठवड्यात कोलकाता. तिथे १८१४ पासूनचे इंडियन म्युझियम आहे आणि सुट्टी सोमवारची.