शेततळ्यासाठी मत्स्यबीज घेताय? अंडी कशी मिळवतात ते आधी समजून घ्या

कडवंचीसारख्या गावांमुळे जालना जिल्हा शेततळ्यांसाठी ओळखला जातो. तळ्यात पाणी आहेच, तर मासेही सोडू, असा विचार अनेक शेतकरी करतात. मात्र बीज कुठून आले याची चौकशी फार थोडे जण करतात.

रोहू, कटला आणि मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील वाहते पाणी लागते. १९५७ मध्ये ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले. म्हणूनच १० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन असतो. आता बहुतेक ठिकाणी तयार संप्रेरक वापरतात.

पोट मऊ व फुगलेली मादी आणि पोट हलके दाबताच दुधासारखा द्रव सोडणारा नर निवडतात. संध्याकाळी इंजेक्शन देऊन दोघांना गोल टाकीत सोडतात व पाणी फिरते ठेवतात. पहाटेपर्यंत मादी अंडी सोडते. रोहूची मादी वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ते तीन लाख अंडी देते. परदेशात सामन माशाचे पोट चिरून अंडी काढतात. इथे ती पाण्याबरोबर पाइपमधून उबवणीच्या टाकीत जातात आणि मादी पुढच्या हंगामालाही उपयोगी पडते. फळलेले अंडे काचेच्या मण्यासारखे पारदर्शक असते, तर मेलेले पांढरे पडते. साधारण १४ ते १८ तासांत पिल्ले बाहेर येतात. तीन दिवसांनी ती मत्स्यजिरे म्हणून विकता येतात.

खरी गडबड गोल टाकीत होते. वेळ वाचवण्यासाठी काही जण वेगवेगळ्या जातींचे नर-मादी एकत्र सोडतात. मग संकरित पिल्ले निपजतात आणि तुम्ही कटला म्हणून घेतलेले बीज कटल्यासारखे वाढत नाही. वर्षानुवर्षे त्याच घराण्यातले प्रजनक वापरले तरी वाढ खुंटते. जिरे इतके बारीक असते, की नुसत्या डोळ्यांनी जात ओळखणे अवघड. त्यामुळे बीज केंद्रावर थेट विचारा: जाती वेगळ्या टाकीत ठेवता का? नवे प्रजनक शेवटचे कधी आणले? उत्तर टाळले, तर तिथून बीज घेऊ नका.

आपल्याकडची अनेक तळी उन्हाळ्याआधीच आटतात. अशा तळ्यात स्वस्त म्हणून जिरे सोडू नका. जुलै-ऑगस्टमध्ये थेट बोटुकलीच सोडा. ती महाग पडते, पण तेवढ्या दिवसांत विकण्याजोगी होण्याची आशा तिच्याकडूनच ठेवता येते.