सुभेदारांची शाळा आता मोबाईलवर

गेल्या पावसाळ्यातील एक रविवार. आमच्या दारात एक माजी सैनिक आणि त्यांच्या पत्नी येऊन उभ्या राहिल्या. सतरा वर्षांची नोकरी करून गृहस्थ घरी परतलेले. जयभीम झाले, चहापाणी झाले. मग त्यांनी फायलीतून एक कागद काढला आणि विचारले, "दादा, मी ग्रॅज्युएट आहे ना? मग एम. ए. ला प्रवेश का देत नाहीत?" तो होता लष्कराने दिलेला पदवी-समकक्षतेचा दाखला. तेवढ्यात ताईंनी दुसरा कागद पुढे सरकवला. ती शहरातल्या एका 'ऑनलाईन केंद्रा'ची पावती होती. पाच हजार भरलेले, पन्नास हजार बाकी. एका वर्षात पदवी, परीक्षेची चिंता नको, असे तोंडी आश्वासन. "उरलेले पैसे भरण्याआधी तुम्हाला दाखवावे म्हणून मीच यांना ओढून आणले," ताई म्हणाल्या.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागद वाचणे हेच आमचे काम. ते दोन कागद वाचले आणि वाटले, हे आपल्या वाचकांना सांगितलेच पाहिजे.

पहिला कागद खोटा नव्हता. दहावी उत्तीर्ण आणि किमान पंधरा वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या गट 'क'मधील, पदवीची अट असलेल्या अनेक पदांसाठी पात्र धरले जाते. परंतु पात्र धरणे वेगळे आणि पदवी मिळणे वेगळे. त्या दाखल्यावर नोकरीचा अर्ज करता येतो. पण ती विद्यापीठाची पदवी नव्हे. हा फरक निवृत्त होताना आमच्या पाहुण्यांना कुणी समजावून सांगितलेला नव्हता.

दुसऱ्या कागदाविषयी मात्र आम्ही स्पष्टच बोललो. परीक्षेवाचून पदवी देणारा माणूस पदवी देत नाही, तो कागद विकतो.

खरे तर सैन्य आणि शिक्षण यांचे नाते आपल्या समाजाला नवे नाही. परमपूज्य बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला तोच महूच्या लष्करी छावणीत. ज्या काळी गावच्या शाळेत आपल्या मुलांना उंबरठ्यावर उभे करीत नसत, त्या काळी पलटणीत सैनिकांच्या मुलामुलींना शिकविले जात होते. गोपाळबाबा वलंगकरही सैन्यातूनच निवृत्त होऊन आले आणि लेखणी हाती घेऊन समाजाला जागे करू लागले. पलटणीतून परतलेला माणूस पेन्शनीबरोबर अक्षरही घेऊन येत असे. पुढे महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा नोकरीबरोबर ही शाळाही गेली. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली आणि ते दार पुन्हा उघडले.

आज ती शाळा जवानाच्या खिशातल्या मोबाईलवर आली आहे. १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ दूरशिक्षण देत आहे. केंद्र सरकारच्या 'स्वयम्'वर २०१७ पासून प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे शुल्क भरावे लागते. बदली झाली तरी शाळा सुटत नाही, हा सैनिकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ होय.

हा प्रश्न आता अधिकच निकडीचा झाला आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर कायम होणार, बाकीची मुले सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी घेऊन घरी येणार. पेन्शन नाही. बाविशी-पंचविशीतल्या या मुलांच्या हाती शिक्षण नसेल तर तो निधी किती दिवस पुरणार? त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीची आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठामार्फत तीन वर्षांच्या पदवीची सोय योजनेबरोबरच जाहीर झाली. त्या पदवीचे निम्मे गुण सेवेतील प्रशिक्षणाचे, निम्मे अभ्यासाचे. पहिल्या वर्षानंतर थांबल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका. मुलगा सुट्टीवर आला की आईवडिलांनी एवढेच विचारावे, "बाळा, नाव नोंदवलेस का?"

मात्र जिथे सैनिकाचा पैसा, तिथे लुबाडणारेही येतात. अमेरिकेचे उदाहरण घ्या. १९४४ च्या कायद्याने तिथले सुमारे बावीस लाख माजी सैनिक महाविद्यालयात गेले. पण अंमलबजावणी स्थानिक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती राहिल्याने दक्षिणेतील कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला त्यातले फारच थोडे आले. पुढे नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांनी सैनिकांना गिऱ्हाईक केले. आयटीटी टेक नावाची, शंभरावर शाखा असलेली संस्था सप्टेंबर २०१६ मध्ये एकाएकी बंद पडली आणि हजारो माजी सैनिक अर्ध्या वाटेवर राहिले. बुडालेली सवलत त्यांना परत देण्यासाठी २०१७ साली नवा कायदा करावा लागला. श्रीमंत देशात हे घडते, तर आपण किती सावध राहावे!

म्हणून पैसे भरण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. संस्थेला त्या वर्षी, त्याच अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः पाहावे. मान्यता असेल तर ऑनलाईन पदवी ही नेहमीच्या पदवीच्याच तोलाची असते. प्रवेश विद्यापीठाकडेच घ्यावा; मधल्या 'केंद्रा'च्या हाती रोख रक्कम देऊ नये. कायदा, परिचर्या, अभियांत्रिकी यांच्या पदव्या या मार्गाने मिळत नाहीत, तसे सांगणारा फसवत आहे असे समजावे. आणि शंका आलीच तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

आमच्या पाहुण्यांचे पाच हजार परत मिळाले नाहीत, पण पन्नास वाचले. दहावीनंतर थेट एम. ए. होत नाही, हे त्यांना पचायला आठवडा लागला. "चाळिशीत बारावीला बसू का?" असे ते म्हणाले, तेव्हा ताईच उत्तरल्या, "बसा. पोरगी दहावीला आहे. दोघेही एका दिव्याखाली बसा." त्यांनी मुक्त विद्यालयात नाव घातले. संध्याकाळी सुरक्षारक्षकाची ड्युटी संपली की मुलगी बापाला मोबाईलवर धडा लावून देते.

आपल्या प्रत्येक वस्तीत असा एखादा माजी सैनिक आहे, एखादा अग्निवीर आहे. विहारात वंदनेनंतर अर्धा तास अर्ज भरण्यासाठी राखून ठेवला, तर शिकलेल्या दोन तरुणांकडून हे काम सहज होईल. सीमेवर पहारा देणाऱ्याच्या घरी विद्येची चोरी होऊ नये, एवढा पहारा तरी आपण देऊ या.