माणशी पावणेदोन शब्द

1954 साली न्यूयॉर्कच्या रँडम हाऊसचे बेनेट सर्फ यांनी मूळच्या मिसिसिपीतल्या एका कादंबरीकाराला गळ घातली: अमेरिकेतल्या यादवी युद्धावर एक आटोपशीर पुस्तक लिहून द्या, दोनेक लाख शब्दांत. शेल्बी फूट हो म्हणाले आणि पुढची वीस वर्षं त्यातून सुटले नाहीत. 1958, 1963 आणि 1974 असे तीन खंड निघाले. पानं 2,968, शब्द सुमारे 12 लाख. ठरल्याच्या सहापट! फूट टाक दौतीत बुडवून लिहायचे आणि दिवस बरा गेला तर पाचशे-सहाशे शब्द व्हायचे. वीस वर्षांच्या एकूण दिवसांवर भागलं तर रोजचे 164 शब्द पडतात, एका पोस्टकार्डावर मावतील एवढे. खुद्द युद्ध चार वर्षांत आटोपलं होतं.

मिनिटाला दोनशे शब्द या वेगाने हे तिन्ही खंड वाचायला शंभर तास लागतात. तरीही लोकांनी ते वाचले. 1990च्या सप्टेंबरमध्ये केन बर्न्सची या युद्धावरची माहितीपट-मालिका अमेरिकेत दाखवली गेली, ती सुमारे 4 कोटी लोकांनी पाहिली. तिच्यात दाढीवाले, अमेरिकी दक्षिणेचा हेल काढून बोलणारे फूट पुन्हा पुन्हा दिसले आणि सोळा वर्षं धिम्या गतीने खपणारं पुस्तक वर्षभरात लाखांनी उचललं गेलं. तेव्हापासून या पुस्तकावर वाचकांची जी हमरीतुमरी चालू आहे, ती ऐकण्यासारखी आहे.

एक पक्ष म्हणतो, इतिहास वाचावा तर असा. गेटिसबर्गची लढाई वाचताना पुढे काय होणार हे ठाऊक असूनही पान उलटेपर्यंत धीर धरवत नाही. यात अतिशयोक्ती नाही, कादंबरीकाराचा हात जागोजागी जाणवतो. दुसरा पक्ष विचारतो, तळटिपा कुठे आहेत? फूटनी त्या दिल्याच नाहीत. त्यांची मुख्य खाण म्हणजे दोन्ही सैन्यांचे अहवाल, तारा आणि हुकूम यांचं अमेरिकी सरकारने छापलेलं संकलन: 128 ग्रंथ, 1,38,579 पानं. फूटच्या तिन्ही खंडांचे जवळजवळ 47 संच रचले तर एवढी पानं होतील. एखाद्या सेनापतीचं वाक्य खरंच त्याच्या तोंडचं आहे का, हे ज्याला पडताळायचं त्याने पानाचा नंबर हाताशी नसताना या ढिगात उतरायचं. माझ्या मते ही तक्रार रास्त आहे, पण खरी अडचण वेगळी आहे आणि ती मोजणीत आहे.

या युद्धात माणसं किती मेली? शंभरेक वर्षं शाळेच्या पुस्तकांत 6 लाख 20 हजार हा आकडा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन माजी सैनिकांनी, फॉक्स आणि लिव्हरमोर यांनी, रेजिमेंटांचे अहवाल चाळून जे जमवलं त्यावर तो उभा आहे. उत्तरेकडच्या राज्यांचे कागद बरे होते. फुटून निघालेल्या दक्षिणेची बरीचशी दप्तरं राजधानी रिचमंड पडताना जळाली, म्हणून तिथे अंदाज बांधावा लागला. 2011 साली जे. डेव्हिड हॅकर यांनी दुसरी वाट धरली. दर दहा वर्षांच्या जनगणनांमध्ये किती पुरुष असायला हवे होते आणि किती सापडतात, याचा हिशोब त्यांनी मांडला. आकडा निघाला साडेसात लाखांच्या आसपास. त्यातही लाखभर इकडे, लाखभर तिकडे. 2024मध्ये आणखी एक मोजणी झाली, ती 6 लाख 98 हजारांवर थांबली. जुना आकडा धरला तरी 1860च्या 3 कोटी 14 लाख लोकसंख्येचे हे दोन टक्के होतात. आजच्या अमेरिकेत तेवढंच प्रमाण म्हणजे 65 लाखांहून जास्त माणसं.

आता फूटचे 12 लाख शब्द या मेलेल्यांत वाटा. 2024चा आकडा घेतला तर माणशी पावणेदोन शब्दसुद्धा येत नाहीत. नाव आणि आडनाव लिहायलाही पुरणार नाहीत.

त्यात आणखी एक मेख आहे. अँटिएटम, 17 सप्टेंबर 1862: एका दिवसात सुमारे 23 हजार. गेटिसबर्ग, 1863च्या जुलैचे पहिले तीन दिवस: सुमारे 51 हजार. हे आकडे मेलेल्यांचे समजून वाचकांच्या अंगावर काटा येतो, पण ते मेलेले, जखमी, बेपत्ता आणि पकडलेले अशा सगळ्यांचे मिळून आहेत. अँटिएटमला त्या दिवशी रणांगणावर मेले ते साडेतीन हजारांच्या वर. मग बाकीचे लाखो गेले कुठे? तंबूत आणि इस्पितळात. मेलेल्या दर तीन सैनिकांतले दोन रोगाने मेले: हगवण, विषमज्वर, न्यूमोनिया, खेड्यातून पहिल्यांदाच गर्दीत आलेल्या पोरांना झालेला गोवर. हगवणीला सेनापती नसतो, डावी-उजवी फळी नसते. लढायांच्या गोष्टी रंगवणारा लेखक कितीही मोठा असला तरी त्याचा बराचसा जीव तिसऱ्या हिश्श्याच्या मरणातच अडकून राहतो. ‘फार लढाया आहेत बुवा’ असं वैतागून पुस्तक मिटणाऱ्या वाचकाला यातलं काहीतरी नक्की जाणवलेलं असतं.

सगळ्यांत मोठा आकडा मात्र मेलेल्यांचा नाही. 1860च्या जनगणनेत गुलाम होते 39,53,760. दर आठ माणसांमागे एक. मालकांच्या वहीत त्यांची किंमत 3 अब्ज डॉलरांच्या वर होती, म्हणजे देशातले सगळे रेल्वेमार्ग आणि कारखाने यांच्या एकत्र किमतीपेक्षा जास्त. युद्ध कशासाठी झालं, याचं उत्तर या ओळीत आहे. फूटचं पुस्तक उघडतं ते 21 जानेवारी 1861ला, दक्षिणेचे पुढचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस सिनेटचा निरोप घ्यायला उभे राहतात तिथे. पहिली तोफ डागली गेली 12 एप्रिलला. मध्ये 81 दिवस. याउलट जेम्स मॅक्फर्सन यांचं 1988चं एकखंडी पुस्तक घ्या. नऊशेच्या आसपास पानं, पुढच्या वर्षी पुलित्झर. त्यात ती तोफ ऐकू यायला अडीचशेहून जास्त पानं थांबावं लागतं. युद्ध सुरू व्हायला इतका उशीर का, म्हणून काही वाचक कुरकुरतात. पण त्या पानांत कापूस आहे, मळे आहेत, पळालेल्या गुलामांचे खटले आहेत. ती वाचली की पुढची प्रत्येक लढाई वेगळी दिसते.

आपल्याकडे या युद्धाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना कापसाच्या पैशात न्हाऊ घातलं आणि 1865मध्ये ते संपताच शेअरबाजार कोसळवला, ही कथा बऱ्याच जणांना ठाऊक असते. त्याहून मोलाची गोष्ट पुण्यात घडली. युद्ध संपून आठ वर्षं झाली होती. जोतीराव फुल्यांनी 1873मध्ये ‘गुलामगिरी’ छापली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या अर्पणपत्रिकेत ना दक्षिणेचा सेनापती ली आहे ना उत्तरेचा ग्रँट, ना एकाही लढाईचं नाव. चार वर्षांच्या त्या धुमाळीतून नेमकं काय उचलायचं, हे इतक्या लांबून त्यांना दिसलं होतं.

फूटवर सर्वांत जास्त राग निघतो तो नेथन बेडफर्ड फॉरेस्टमुळे. मेम्फिसचा गुलामांचा व्यापारी, दक्षिणेचा घोडदळ सेनापती, पुढे कू क्लक्स क्लॅनचा पहिला म्होरक्या. बर्न्सच्या कॅमेऱ्यासमोर फूटनी या युद्धातले अस्सल प्रतिभावंत दोनच मानले: लिंकन आणि हा. आता 12 एप्रिल 1864 पाहा. (तोफेची तारीखही 12 एप्रिलच, तीन वर्षं आधीची.) टेनेसीतल्या फोर्ट पिलोवर उत्तरेचे सुमारे सहाशे सैनिक होते, जवळजवळ निम्मे काळे. फॉरेस्टच्या माणसांनी किल्ला घेतला. कैदी म्हणून चालवत नेले त्यांत गोरे 168 होते, काळे 58. शरण येणाऱ्यांना मारलं गेलं हे या दोन आकड्यांवरून लहान मुलालाही कळेल. फूटनी मात्र हे प्रकरण फॉरेस्टकडे झुकत्या मापाने लिहिलं. उत्तरेच्या सैन्यात 1 लाख 80 हजारांच्या आसपास काळे सैनिक होते आणि त्यांतले सुमारे 40 हजार परतले नाहीत, हे लक्षात ठेवलं की ते झुकतं माप आणखीच खुपतं.

तरी फूट वाचूच नका, असं मी म्हणणार नाही. शंभर तास नसतील तर दुसरा खंड घ्या, गेटिसबर्ग त्यातच आहे आणि लेखकाची लेखणी तिथे सर्वांत तापलेली आहे. पण त्याआधी मॅक्फर्सनची पहिली अडीचशे पानं संपवा. आणि तिसऱ्या खंडात फोर्ट पिलो आलं की 168 आणि 58 हे आकडे पेन्सिलीने समासात लिहून मगच पुढे वाचा.