निवटी व तिचें खाजण

आंजीसारख्या धाम नदीकांठच्या गांवीं राहणारांस समुद्राची ओळख ती बाजारांतील सुक्या बोंबलापुरतीच. तेव्हां शेतकीच्या मासिकांत समुद्रकांठच्या वीतभर मासळीची हकीकत कशास, असें वाचक विचारतील. ही मासळी ज्या चिखलांत राहते तो चिखल वाहून गेला, तर त्यामागील भातशेतीही धोक्यांत येते, हें त्याचें कारण.

अलिबाग, पेण, वसई या बाजूस हिला निवटी म्हणतात. ओहोटीनें खाजणाचा चिखल उघडा पडला म्हणजे ती बिळांतून बाहेर येते, छातीजवळच्या परांवर रेटा देऊन सरपटते व प्रसंगीं उडीही मारते. डोळे बेडकासारखे डोक्यावर असतात. कल्ल्यांच्या पोकळींत पाणी धरून ओल्या कातडीनें व तोंडाच्या अस्तरानें ती हवेंतून श्वास घेते. कातडी सुकूं नये म्हणून मधून मधून ओल्यांत लोळते. डोकें डावीउजवीकडे फिरवीत चिखलावरील सूक्ष्म शेवाळाची साय ती खरवडून खाते. आपलीं गुरें पडितांत चरतात त्यांतलाच प्रकार. अंडींही बिळांतच घालते. तिकडील लोक बिळांत हात घालून तिला धरतात. कालवण आम्हीं चाखलें आहे. नांवें ठेवण्यास जागा नाहीं.

हा चिखल जागीं राहतो तो बव्हंशीं तिवराच्या झाडांमुळें. त्यांचीं खिळ्यांसारखीं उभीं मुळें गाळ अडवितात व झाडी लाटेचा जोर मोडते. त्यामागें खारभूमीचा बांध, म्हणजे बाहेरकाठा, असतो. शेतांतील पाणी ओहोटीस बाहेर सोडण्यासाठीं त्याला उघाडी ठेवलेली असते. पुढचे तिवर तोडले कीं लाट सरळ बांधावर येते, खांड पडते व खारें पाणी शेतांत शिरतें. मग मीठ धुवून निघण्यास कित्येक पावसाळे जातात. सातबाऱ्यावर क्षेत्र मात्र तेवढेंच दिसतें. आम्हां कारकुनांच्या कागदास खारटपणा कळत नाहीं.

खारभूमीसाठीं मुंबई इलाख्यांत १९४८ सालीं व पुढें महाराष्ट्रांत १९७९ सालीं कायदा झाला. तिवरतोडीस मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं मनाई केली; २०१२ सालीं राज्यानें कांदळवन कक्षही स्थापिला. ही मनाई आम्हांस योग्यच वाटते. परंतु तींत शेतकऱ्याची एक अडचण आहे. फुटलेला बांध वेळेवर बांधला नाहीं तर त्याच्या मालकीच्या शेतांतच तिवर उगवतात, आणि एकदां उगवले म्हणजे ते तोडण्यास हीच मनाई आड येते. रायगडाकडील अनेक खातेदारांची तक्रार हीच आहे. म्हणून खांड पडली त्याच हंगामांत ती बुजविली पाहिजे. पुढच्या वर्षावर टाकली, तर भाताच्या खाचरांत निवटी चरतांना दिसेल.