ज्येष्ठता यादीतला वैमानिक

मलकापूरच्या बाजूने मुंबई-नागपूर लोहमार्ग जातो, राष्ट्रीय महामार्ग जातो, आणि डोक्यावरून विमानेही जातात. बुलडाणा जिल्ह्यातून प्रवासी विमान मात्र उडत नाही. त्यामुळे वैमानिकांच्या नाराजीवर या जिल्ह्यातल्या माणसाने, त्यातही एस.टी.च्या आस्थापना शाखेत नोकरी काढलेल्या कारकुनाने, लेख लिहावा याचे काहींना हसू येईल. पण विमानाच्या कॉकपिटमधले भांडण आणि आगारातल्या सूचनाफलकापुढचे भांडण या दोन्हींच्या मुळाशी एकच कागद आहे. त्याला ज्येष्ठता यादी म्हणतात. ती टंकलिखित करण्यात माझी उमेद गेली.

माझा भाचा वैमानिक आहे. मोताळा तालुक्यातल्या सहा एकर कोरडवाहू शेतीवर वाढलेला मुलगा. आज तो सत्तर-बहात्तर आसनांचे, पंख्यांचे ए.टी.आर. विमान चालवतो. तो परवाना घेऊन आला तेव्हा गावात पेढे वाटले गेले. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, परवा म्हणाली, "पोरगं इमान चालवते, पन तीन वर्सं झाले, दिवायीले घरी नाही आलं." मी या विषयाच्या मागे लागलो तो तिच्या या वाक्यापासून.

आधी परवान्याचा हिशेब सांगतो. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, वैद्यकीय तपासणी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परीक्षा आणि 200 तासांचे उड्डाण, एवढे झाले की व्यावसायिक परवाना मिळतो. लोकांना वाटते, आता पोरगा लागला कामाला. तसे नसते. हा परवाना छोट्या प्रशिक्षण विमानावरचा. मोठ्या विमानाच्या प्रत्येक प्रकाराचे प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागते, त्याला 'टाइप रेटिंग' म्हणतात. ए.टी.आर.चे रेटिंग एअरबसला चालत नाही. आमच्या घरात हा सगळा खर्च साठ लाखांच्या पुढे गेला. त्यात शेत गहाण पडले आणि बहिणीची पाटली गेली.

पुढचा टप्पा कप्तान होण्याचा. त्यासाठी वरचा परवाना लागतो आणि त्याची मुख्य अट 1500 तासांच्या अनुभवाची. 200 तास हातात असतात, उरले 1300. महिन्याला 70 तास उड्डाण मिळाले तर हे तास दीड वर्षाच्या थोडे पुढे भरतात. 28 तासच मिळाले तर जवळजवळ चार वर्षे जातात. तीच परीक्षा, तोच मुलगा, तेच कर्ज, आणि फरक एवढा. महिन्याचे तास मुलाच्या हाती नसतात. ते कंपनीकडे किती विमाने उडण्याजोगी आहेत आणि शेजारच्या आसनावर बसायला किती कप्तान आहेत यावर ठरते.

'वैमानिकांची टंचाई' हा वर्तमानपत्रातला मथळा म्हणूनच अर्धवट वाटतो. टंचाई कप्तानांची आहे. नवा परवाना खिशात घेऊन वणवण करणाऱ्या मुलांची टंचाई नाही. आणि कप्तान घडवायला कप्तानच लागतो. प्रशिक्षण देण्याचा अधिकार असलेले ज्येष्ठ कप्तान थोडे, त्यांनाच रोजची उड्डाणेही करायची. मोठ्या कंपनीने असे दोन कप्तान उचलले की छोट्या कंपनीतल्या दहा सहवैमानिकांची बढती अडते. पाटाच्या तोंडाशी कोणी बारे वळवून घेतले की शेवटच्या वाफ्यातल्याने फावडे धरून उभे राहायचे, तसे.

प्रादेशिक कंपन्यांची अडचण याहून खोल आहे. आपल्याकडची छोट्या शहरांची विमानसेवा बव्हंशी 'उडान' योजनेच्या टेकूवर उभी राहिली. योजना 2016 साली जाहीर झाली, पहिले विमान एप्रिल 2017 मध्ये सिमल्याहून दिल्लीला गेले. निम्म्या जागा साधारण 2500 रुपयांत तासाभराच्या प्रवासासाठी द्यायच्या आणि तूट सरकारने भरून काढायची, तीही तीन वर्षे. तीन वर्षांनंतर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा ही अपेक्षा. अनेक मार्ग राहिले नाहीत.

आम्हाला जवळचा विमानतळ जळगावचा. तिथला इतिहास डोळ्यांसमोरचा आहे. डिसेंबर 2017 मध्ये एअर डेक्कनचे 19 आसनी विमान मुंबईहून आले, हार-तुरे झाले. ती सेवा रडतखडत चालली आणि 2020 साली कंपनीच थांबली. ट्रूजेट 2019 मध्ये आली, 2022 मध्ये तिचीही विमाने जमिनीवर बसली. आता 2024 पासून फ्लाय-91ची ए.टी.आर. विमाने गोवा, हैदराबाद, पुण्याकडून येतात. प्रवासी म्हणून आपण एवढेच म्हणतो, की विमान बंद झाले, पुन्हा रेल्वे बरी. पण बंद झालेल्या प्रत्येक कंपनीत एक ज्येष्ठता यादी होती आणि त्या दिवशी ती रद्दी झाली.

ज्येष्ठतेचा नियम जगभर साधारण सारखा आहे. ज्या दिवशी रुजू झालात तो तुमचा क्रमांक. बढती, मोठ्या विमानावरची बदली, सोयीचे मूळ ठाणे आणि पुष्कळदा सणासुदीची रजासुद्धा त्या क्रमाने. एस.टी.त मुक्कामी गाडी कोणाच्या वाट्याला येते हे ज्याने पाहिले आहे त्याला जास्त समजवावे लागणार नाही. फरक एवढाच, की एस.टी.चा चालक एका आगारातून दुसऱ्यात गेला तरी महामंडळ एकच असते. वैमानिकाने कंपनी बदलली की क्रमांक तिथेच ठेवून जायचे. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये बंद पडली, गो फर्स्ट मे 2023 मध्ये. तिथली पंधरा-वीस वर्षांची ज्येष्ठता दुसऱ्या दारात कोणी मोजून घेतली नाही.

दोन याद्या एकत्र करणे तर त्याहून अवघड. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण 2007 साली कागदावर झाले. एका बाजूचे सहवैमानिक लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांवर कप्तानपदाची वाट बघत होते, दुसऱ्या बाजूचे लहान विमानांवर लवकर कप्तान झालेले. मोठा कोण? न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. नवीन ड्रीमलायनरचे प्रशिक्षण कोणाला आधी, यावरून 2012 च्या मे महिन्यात जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी काम थांबवले ते 58 दिवस. त्यांची बाजू सगळी खरी होती असे मी म्हणणार नाही, प्रवाशांचे फार हाल झाले. पण यादीतली आपली ओळ पुसली जाण्याची भीती मी आगारातल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलेली आहे, म्हणून ती लढाई केवळ माज नव्हती हे मला कळते. एप्रिल 2024 मध्ये विस्तारात तेच रूप दिसले. विलीनीकरणाआधीच्या नव्या करारात हमीचे तास 70 वरून 40 वर आले, वैमानिक रजेवर गेले, उड्डाणे रद्द झाली.

मग सोडून का जात नाहीत? जाता येत नाही पटकन. 2017 च्या नियमाने कप्तानाला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. प्रशिक्षणाचा करार असेल तर त्याची रक्कम वेगळी. नियमामागचे कारण चुकीचे नाही, वैमानिक एकाएकी गेले तर प्रवासी लटकतात. पण कंपनीला माणसे कमी पडली तर तिला वर्षभर आधी कोणाला सांगावे लागत नाही.

माणसे कमी असण्याची किंमत थकव्यात मोजली जाते. महासंचालनालयाने 2024 च्या जानेवारीत विश्रांतीचे नवे नियम आणले: आठवड्याची सलग सुट्टी 36 ऐवजी 48 तास, रात्रीच्या पट्ट्यात सहाऐवजी दोनच अवतरणे. कंपन्यांनी मुदत मागितली, वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, नियम 2025 च्या जुलै आणि नोव्हेंबरात दोन टप्प्यांनी लागू झाले. डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि काही अटी फेब्रुवारीपर्यंत ढिल्या कराव्या लागल्या. जवळजवळ दोन वर्षे आधी माहीत असलेल्या नियमासाठी पुरेशी माणसे उभी नव्हती.

याची दुसरी टोकाची बाजू अमेरिकेने पाहिली. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान पडून 50 जण मेले. सहवैमानिक तरुणी कामावर येण्यासाठी देश ओलांडून रात्रभर प्रवास करून आली होती, कारण ठाण्याच्या गावी घर करण्याजोगा तिचा पगार नव्हता. त्यानंतर तिथे सहवैमानिकालाही साधारणतः 1500 तास सक्तीचे झाले.

आपल्या भागात आता वेगळेच वारे आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल 2025 मध्ये मुंबईचे विमान सुरू झाले, तिथेच एअर इंडियाने 34 विमानांची प्रशिक्षण संस्था जाहीर केली, वर्षाला 180 वैमानिक घडवण्याची. खामगाव-चिखलीकडचे पालक मला फोन करून विचारतात, घालावे का पोराला? मी त्यांना एकच सांगतो, की फी विचारण्याआधी पहिल्या तीन वर्षांत महिन्याला किती तास मिळाले हे आधीच्या तुकडीतल्या मुलांना विचारा.

भाचा गेल्या महिन्यात अचानक आला, दोन दिवस. त्याचे कप्तानपद झाले आहे, खांद्यावर चार पट्टे. मोठ्या कंपनीकडून बोलावणे आहे, पण तिथे पुन्हा सहवैमानिक म्हणून, तीन पट्ट्यांवर. पगार सुरुवातीला कमी, विमान मोठे, कंपनी टिकण्याची शक्यता जास्त. इथे राहिला तर विमानांचे भाडे थकले की काय, या कुजबुजीत दिवस काढायचे.

ओसरीवर बसून मी सवयीने विचारले, "इथं तुझा यादीत नंबर कितवा?"

"अकरा, मामा."

"अन् तिथं?"

"चार आकडी."

बहीण आतून म्हणाली, "अकरावरच रायजो बापा. निदान दिवायीची सुट्टी तरी भेटीन." तो हसला आणि मोबाइलवर पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक उघडून मला दाखवले. लक्ष्मीपूजनाच्या चौकोनात सकाळी 5.40 ची ड्यूटी होती.